मार्थाबाई, कुणाला शब्द देऊन बसलात!

बाई, तुमच्या मातीला लय गर्दी झाली होती. तुम्हाला खोटं वाटेल. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमच्या ओसरीवर कुणी टेकत नव्हतं, आणि परवा त्या नाल्याकाठच्या कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. तालुक्याहून पाळकसाहेब आले, पांढऱ्या झग्याला कडक इस्त्री मारून. खड्ड्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "आपली भगिनी मार्था ही प्रार्थनेची स्त्री होती." मी तुमच्या पायाशी उभी. मला असं हसू फुटलं की छायानं दंडाला चिमटा काढला. प्रार्थनेची स्त्री म्हणे! ह्याच माणसानं तुम्हाला चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाला बसू दिलं नव्हतं, तोंड उघडून प्रार्थना करत नाही म्हणून. आता तुम्ही उठून जाब विचारणार नाही ह्याची खात्री पटली, मग बोलायला काय जातंय ह्यांचं.

आपले ते जुने मुख्याध्यापक गुरुजीही आले होते. त्यांचं मागून सांगते. आधीच सांगितलं तर पुढचं लिहून व्हायचं नाही.

रडायचा पहिला मान माझा होता, धाकटी जाऊ म्हणून. मी रडले नाही. बाया म्हणायलेत, गयाबाईचं काळीज दगडाचं. म्हणू द्या. मला राग आलाय बाई, अजून उतरला नाही. त्या पाळकाचा, त्या गुरुजींचा, आपल्यातल्या बाप्यांचा, आणि सगळ्यात जास्त तुमचा. तुम्हाला हे सगळं ठाऊकच आहे. पण छाया म्हणाली, आई, लिहून ठेव, नाहीतर पाळकसाहेब बोलले तेच खरं होऊन बसेल.

एका छपराखाली दोन भाऊ. थोरला किरिस्ताव, त्याच्या दारात 'सलाम'; धाकटा बौद्ध, त्याच्या दारात 'जयभीम', मधी एक मातीची भिंत. तुमचे मालक वारले, पदरी लेकरू नाही, तरी तुम्ही सेलूला माहेरी गेला नाहीत. भिंतीपलीकडं येशूचा फोटो लावून एकट्या राहिलात. इकडं मी बुद्धाचा लावला होता. भिंतीच्या दोन्ही अंगांनी एकमेकींशी वाद घालत आपण भाकरी थापायचो. गावाला मात्र आपल्यात काडीचा फरक दिसत नव्हता. विद्यापीठाच्या नावावरून ज्या दिवशी पेटवापेटवी झाली, त्या दिवशी काडी लावणाऱ्यानं तुमचा क्रूस बघितला नाही की माझा निळा झेंडा बघितला नाही. एकच छप्पर, एकदमच जळालं.

मग शाळा. गुरुजींनी निरोप धाडला, "वातावरण निवळेपर्यंत तुमची लेकरं पाठवू नका. काही झालं तर माझ्या अंगावर येईल." वातावरण! घंटा रोज वाजत होती, पाटलाची, वाण्याची पोरं रोज जात होती, त्यांच्यापुरतं वातावरण निवळलेलंच होतं. आपल्या गल्लीतली लेकरं तेवढी उकिरड्यावर खेळत बसायची. एक पुढारी गाडीतून आले, जळक्या वाशांमधी उभे राहून बोट वर करून म्हणाले, "शिका!" अरे बाबा, कुठं शिका? ते सांगायच्या आत त्यांची गाडी निघाली होती, कारण गंगाखेडात जेवण गार व्हायलं होतं.

छाया तेव्हा सहावीत होती. अंगानं इतकी बारीक की परकर नाडीनं बांधूनही घसरायचा. तिच्या बापानं एके दिवशी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "शाळा न्हाई तर पोरगी घरात ठिवून काय करायची? राणीसावरगावचं स्थळ आलंय. सुगी झाली की बघू." जसं काही कडब्याची पेंढी कुठं रचायची ते बोलायलाय. मी परात आपटली. पण परात आपटून कुणाचं लग्न मोडत नसतं.

तुम्ही भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी आडावर म्हणालात, "गया, लेकरं माझ्याकडं पाठव. मी घरीच शाळा भरवते. प्रभू मला शिकवील, मी त्यान्ला शिकवीन."

"तुमच्या प्रभूला सहावीचं गणित येतंय का?"

"न्हाई आलं तर शिकंल की तो बी."

मला वाटलं चेष्टा. तुम्ही कुठल्या चेष्टा करणार! मिशनच्या बोर्डिंगात सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेल्या, त्यालाही किती पावसाळे गेलेले. पण एकदा मनात आलं की देवानं सांगितलं असं तुम्ही धरूनच चालायचात. त्याला विचारायला कोण जाणार, म्हणून तुमचं बरं फावायचं.

आणि तुमचे ते नियम! पहिला नियम, कुणापुढं हात पसरायचा नाही. फळा पाहिजे, पाट्या पाहिजेत, सगळं त्याच्याकडंच मागायचं. तालुक्याच्या चर्चमागच्या खोलीत पाट्यांचा ढीग धूळ खात पडलाय हे तुम्हीच मला सांगितलेलं. मी म्हटलं, जाऊन मागा की पाळकाला. तर म्हणे, "आपल्याला काय पायजे ते त्याला ठावं हाय."

"त्याला ठावं असंल ओ, पण पाळकाला न्हाई ना ठावं!"

ऐकतंय कोण. तुम्ही गुडघे टेकून फळा मागत बसलात. इकडं मी आपली ती मधली भिंत लिंपायला माती कालवली. आगीनं ती वरपासून खालपर्यंत काळीकुट्ट झाली होती. पहिला हात मारणार तोच तुम्ही येऊन माझं मनगट धरलंत. "लिंपू नको गया. हाच फळा." नाल्यातला चुनखडीचा खडा घेतलात आणि त्या काजळीवर पांढराशुभ्र 'अ' काढलात. वर तोंड करून म्हणालात, "बघ, दिला का न्हाई प्रभूनं?"

मी म्हटलं, "प्रभूनं कशाचा? घर पेटवणाऱ्यांनी दिलाय. जावा, त्यांचे पाय धरून या."

तुम्ही हसलात. मला तेव्हा तुमच्या त्या हसण्याची एवढी चीड यायची! माणसाचं घर जळालंय आणि ही बाई त्यातून फळा शोधून आनंदानं नाचतेय.

दुसरा नियम त्याहून वरचढ. लेकरासंगं माय आलीच पाहिजे. माय नाही तर लेकरू नाही. बाया दिवसभर उसात खुरपून यायच्या, पाठीचा कणा मोडलेला, आणि दिवेलागणीला तुमच्या ओसरीत लेकराला मांडीवर घेऊन बसायच्या. डुलकी लागली की तुम्ही खराट्याच्या काडीनं टोचायचात. एक म्हणाली, "बाई, मला काय करायचंय शिकून?" तुम्ही म्हणालात, "मी मेल्यावर ह्याला घरी अभ्यासाला कोन बसवंल? मास्तर रोज यील का तुझ्या दारात?" बोलून चालून अशुभ बोलणं. पण त्या ओसरीत छायाच्या शेजारी बसून मी अक्षरं शिकले. हे जे लिहायलेय ते त्याच जळक्या भिंतीवरचं आहे. ह्याबद्दल मी तुम्हाला कधी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, माझे नको, प्रभूचे उपकार मान. मग परत भांडण.

प्रार्थनेवरून तर पहिल्याच दिवशी जुंपली. तुम्ही लेकरांना उभं केलं, डोळे मिटले आणि सुरू झालात. संध्याकाळी गल्लीतले बापे गोळा झाले. छायाचा बाप सगळ्यांच्या पुढं, "वैनी लेकरं किरिस्ताव करायल्यात." तोपर्यंत लेकरांना कुणी काही शिकवत नव्हतं तेव्हा ह्यातल्या एकालाही धर्म आठवला नव्हता. मी तुम्हाला म्हटलं, लेकरं यायच्या आधी उरकून घ्या तुमचं. तुम्ही ठाम. "मी लपून प्रार्थना करनार न्हाई. चोरी हाय का ती? त्यांनी डोळे उघडे ठिवावं, मला काय."

"मग मी बी वंदना घेनार."

"घे की. दोन दोन झाल्या तर लेकरांचं काय बिघडतंय?"

झालं, आधी तुमची प्रार्थना, मग माझी बुद्धवंदना. दोन्ही होईपर्यंत बारकी पोरं खालीच बसायची. पण बापे गप्प बसले.

तुम्हाला शाब्बास म्हणता येत नव्हतं. बोर्डिंगातली खोड. लेकरानं पाढा बिनचूक म्हटला की तुमच्या तोंडून 'आमेन' निघायचं. काही दिवसांनी लेकरंच म्हणायला लागली. बाराचा पाढा झाला, आमेन. नद्यांची नावं झाली, आमेन. एकदा ओली लाकडं पेटता पेटेनात, आणि पेटली तेव्हा मीच आमेन म्हणून बसले आणि जीभ चावली. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. काम तडीस गेलं की म्हणायचा शब्द, एवढंच लेकरांना ठाऊक. तुम्ही एकाही लेकराला बाटवलं नाहीत, उलट पाळकसाहेबांना त्याचाच राग. एकदा सायकलवरून आले आणि ओसरीत खुर्ची नाही म्हणून उभ्याउभ्याच विचारलं, "किती आत्मे जिंकले, मार्थाबाई?" तुम्ही म्हणालात, "आत्मे न्हाई साहेब, पाढे झालेत एकोणीसपर्यंत." त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पाट्या आणल्या नव्हत्याच.

असं एक वर्ष उलटून गेलं. राणीसावरगावचे लोक सुगीला येऊन छायाला बघून गेले होते. मी ह्या ना त्या निमित्तानं पुढं ढकलत होते, पोरीला ताप आहे, घरात सुतक आहे. सुतकासाठी बिचारा माझा एक जिवंत चुलता मी दोनदा मारला. शेवटी तिच्या बापानं निर्वाणीचं सांगितलं, "शाळंत घेतलं तर ठीक. न्हाई घेतलं तर ह्या पौर्णिमेला साखरपुडा."

आणि नेमकी गुरुजींना आपली लेकरं आठवली. जिल्ह्याहून साहेब येणार होते, पटावरची नावं आणि वर्गातली डोकी जुळेनात. मग निरोप आला, लेकरं घेऊन या, परीक्षा घेतो, ज्याला जो वर्ग झेपेल त्यात बसवतो. तुम्ही आदल्या दिवशी उपास धरलात. मी छायाच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की तिचे डोळे ताणले गेले.

शाळेच्या व्हरांड्यात गावातली मोठी माणसं बाजा टाकून बसली होती, तमाशा बघायला बसावं तशी. लेकरांनी वाचून दाखवलं. बेरजा केल्या. गुरुजींचा चेहरा उतरत चालला, त्यांना वाटलं होतं ही पोरं कोरीच राहिली असतील. मग त्यांनी छायाला एकोणीसचा पाढा घातला. पोरगीनं नीट उभं राहून, न अडखळता, एकोणीस दाहे एकशे नव्वद म्हटलं. आणि मागच्या सगळ्या रांगेनं एका दमात ठणकावलं, "आमेन!"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाजेवरचे हसून हसून लोळायला लागले. मग हसू थांबलं. एकजण म्हणाला, "गुरुजी, ही गावची पोरं हायत का पाद्र्याची?" दुसरा म्हणाला, असली घ्यायची असतील तर आमची काढून घेऊ. आणि आपल्यातला एक वाघ, जो दंगलीच्या दिवसापासून त्या माणसांपुढं मान वर करून बोलला नव्हता, तो पुढं होऊन म्हणाला, "मालक, आमी बी हेच म्हनत होतो. ह्या बाईनंच लेकरं नासवली." दंगलीनंतर गाव पहिल्यांदा एक झालं बाई, तेही तुमच्याविरुद्ध.

गुरुजींची पंचाईत. साहेबासाठी डोकी तर पाहिजेत आणि गावाला दुखवायचं नाही. त्यांनी घसा खाकरून तोडगा काढला. "बाईंनी इथं सगळ्यांसमोर जबान द्यावी. ह्या गावच्या कुठल्याही लेकरासमोर परत प्रार्थना म्हणणार नाही, येशूचं नाव तोंडातून काढणार नाही. मग घेतो."

मी तुम्हाला लिंबाच्या झाडामागं ओढत नेलं. "बाई, द्या जबान."

"गया, तुला कळतंय का तू काय मागायलीस?"

"कळतंय. नुस्तं तोंडानं म्हनायचंय. घरी जाऊन मग वाटंल तेवढा धावा करा तुमच्या प्रभूचा. असल्या नालायकांना दिलेला शब्द कोन पाळतंय?"

"शब्द हा शब्द असतो."

"मग माझी पोरगी घाला चुलीत."

तुम्ही छायाकडं बघितलंत. ती व्हरांड्याच्या पायरीवर परकराची नाडी धरून उभी होती. तुम्ही तिथंच डोळे मिटलेत. मला वाटलं बोंबललं, आता ही गुडघे टेकते आणि सगळं बुडवते. पण तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडं न बघता चालत गेलात, आणि त्या बाजेवरच्या रेड्यांसमोर हात जोडून म्हणालात, "दिला शब्द. ह्या गावच्या कुठल्याबी लेकरासमोर मी प्रार्थना म्हननार न्हाई. प्रभूचं नाव घेनार न्हाई."

छायाला सातवीत घेतलं. राणीसावरगावला नाही म्हणून कळवलं. मी त्या दिवशी गुळाचा शिरा केला आणि तुमच्याकडं वाटीभर घेऊन आले. तुम्ही खाल्ला नाहीत. मी म्हटलं, उद्या खातील. मला काय ठाऊक, तुम्ही खरंच ते मनावर घेतलंय म्हणून!

कुणीही शहाणी बाई असती तर चार दिवसांनी विसरली असती. गुरुजी काय तुमच्या ओसरीला कान लावून बसणार होते? लेकरं शाळेतून आली की दिवेलागणीला मायांसंगं तुमच्याकडं यायचीच, तो शिरस्ता मोडला नाही. तुम्ही त्यांना उभं करायचात आणि ओठ मिटून तशाच उभ्या राहायचात. माझी वंदना तेवढी व्हायची. एखादं बारकं विचारायचं, "बाई, तुमची प्रार्थना?" तुम्ही म्हणायचात, "पाढे म्हणा." मला त्या वंदनेची चव गेली. समोर भांडायला कुणी नाही तर कशाला मोठ्यानं म्हणायचं!

चर्चमधी तेच. रविवारी आपल्या गावची आणखी दोन किरिस्ताव घरं यायची, त्यांची लेकरं पुढच्या सतरंजीवर. पाळक म्हणाले, भगिनी मार्था, प्रार्थनेत चालवा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं प्रार्थना म्हणा. तुम्ही लेकरांकडं बघून मान खाली घातलीत. गाण्यालाही तोंड उघडलं नाही. पाळकांनी कारण विचारलं आणि तुम्ही, खुळी ती खुळीच, खरं ते सांगितलंत. मग काय, "जिनं चारचौघांत प्रभूला नाकारलं तिला प्रभुभोजन नाही." एका पाटीचा तुकडा न देणारा माणूस हा! त्यानं ठरवायचं तुमचा देव तुमच्याशी बोलतो की नाही. तुम्ही तरीही दर रविवारी एसटीनं जात राहिलात, मागं चपलांजवळ बसून यायचात. मी म्हटलं, "कशाला जाता ओ हाडहुड करून घ्यायला?" म्हणालात, "मी त्याच्या घरी जाते, पाळकाच्या न्हाई."

एकदा मी तुम्हाला चोरून बघितलंय, तुम्हाला ठाऊक नाही. हुरड्याचे दिवस होते. मी बांधावर गवत कापत होते, आणि ज्वारीच्या ताटांमधून आवाज आला. तुमचा. उभ्या पिकात गुडघे टेकून तुम्ही मोठमोठ्यानं बोलत होता. काय एकेक सांगत होता! कुणाचं लेकरू आजारी, कुणाच्या नवऱ्यानं मारलं, छायाला गणितात कमी पडतंय, आणि गयाचा राग कमी कर म्हणून. मी तिथंच खाली बसले. किती दिवसांनी तो आवाज ऐकत होते. तेवढ्यात बोरं वेचणाऱ्या दोन पोरी बांधावर आल्या, वाण्याच्या. त्यांचं लक्षही नव्हतं. तुम्ही बोलता बोलता शब्द अर्धा सोडून तोंड मिटलंत. तोंडावर हात ठेवलात आणि तशाच बसून राहिलात, त्या पोरींची बोरं सरेपर्यंत.

त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्याशी जे भांडले, ते भांडण अजून अर्धंच आहे. मी म्हटलं, ज्यांनी घर जाळलं त्यांच्या पोरींपुढं तुम्ही इमान राखायलाव? तुम्ही म्हणालात, "छाया त्या शब्दावर शाळंत गेली, गया. तो खोटा झाला तर तिचं शिकनं खोट्यावर उभं ऱ्हाईल."

"सगळं गाव खोट्यावर उभं हाय! एक पोरगी ऱ्हायली उभी तर काय आभाळ कोसळतंय?"

तुम्ही ताटातली डाळ निवडत बसलात. मी आजही म्हणते माझंच खरं होतं. तुम्हाला शब्द द्यायला मीच लावलं, आणि परत वेळ आली तर परत लावीन, मला त्याचा पस्तावा नाही. लावलं होतं ते द्यायला. पाळायला नाही.

छाया शिकली. मास्तरीण झाली, सेलूच्या मुलाशी लग्न केलं, तेही स्वतःच्या पसंतीनं. तिच्या वर्गात एखादं लेकरू गैरहजर राहिलं तर ती थेट त्याच्या मायेला जाऊन गाठते. ही तुमचीच खोड. लोक म्हणतात गयाबाईची पोरगी गुणाची निघाली. मी नुसतं हूं म्हणते.

ह्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचे पेढे वाटले, तेव्हा तुम्ही अंथरुणालाच होता. पुढारी परत गाडीतून आले होते, आता केस पिकलेले. मी तुमच्या तोंडात पेढ्याचा तुकडा घातला. तुम्ही विचारलंत, "झालं का मग नाव?" मी म्हटलं, "झालं म्हनायचं. जुन्याला नवं जोडलंय." तुम्ही बराच वेळ चघळत राहिलात आणि म्हणालात, "गोड हाय." एवढंच. तुमच्याकडून टोमण्याची अपेक्षा करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

शेवटच्या दुपारी तुमचे ओठ हलायला लागले. मला कळलं काय पाहिजे ते. खोलीत मी, छाया, आणि छायाची लेक तुमच्या उशाशी, तुमच्या बांगडीशी खेळत बसलेली. तुम्ही तिच्याकडं बघितलंत आणि ओठ थांबले. मी म्हटलं, "म्हना बाई, मोठ्यानं म्हना. ही पोरगी सेलूची हाय, ह्या गावची न्हाई. शब्दात बसत न्हाई ती."

तुम्ही हसलात. "गया, तू वकील व्हायची व्हतीस."

"मग म्हना की."

"ह्याच घरची नात हाय ती." आणि मिटलंत तोंड. मी पोरीला उचलायला गेले तर तिनं भोकाड पसरून तुमच्या गळ्याला मिठी मारली. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून मला मानेनंच खुणावलंत, राहू दे. तशाच गेलात. माझा किती जीव होता हो तुमच्यावर, आणि तुम्ही शेवटच्या घटकेलासुद्धा मला जिंकू दिलं नाहीत.

आता त्या गुरुजींचं सांगते.

पाळकसाहेबांचं झाल्यावर ते पुढं आले. ढेरी सुटलीय, कानात केस, हातात झेंडूचा हार. म्हणाले, मार्थाबाईंनी ह्या गावच्या शिक्षणासाठी फार कष्ट घेतले आणि शाळेनं त्यांना सदैव सहकार्य केलं. मला राहवलं नाही. मी पुढं झाले. छायानं पदर धरला, तो सोडवून घेतला. म्हटलं, "गुरुजी, भाषण ऱ्हाऊ द्या. तेवढा शब्द माघारी घ्या आधी. मोकळी करा तिला. शब्दात बांधलेलं मानूस मातीत घालू नये."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं लाजले. लाजले कसले! त्यांनी कान खाजवला, शेजारच्याकडं बघितलं आणि अगदी खरंखुरं विचारलं, "कोणता शब्द, बाई?"

मी सांगितलं. शाळेचा व्हरांडा, एकोणीसचा पाढा, बाजा, लिंबाचं झाड. ते आठवायला लागले. मन लावून आठवत होते, खोटं बोलत नव्हते, ते बघितलं मी. शेवटी म्हणाले, "असेल झालं काही. तेव्हा वातावरणच तसं होतं."

बाई, ज्याच्यासाठी तुम्ही एवढी वर्षं मुक्या राहिलात, त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं त्या माणसात. मी मागं वळले. गर्दीच्या पाठीमागं गावची लेकरं उभी होती, मोठ्यांच्या पायांमधून डोकावत, आपल्या गल्लीतली, पाटलाची, वाण्याची, सगळी. मी त्यांना हात करून पुढं बोलावलं. "या रे. भिऊ नका. अजून पुढं या." पाळकसाहेब म्हणाले, लहान मुलांना जवळ आणू नका. मी ऐकलं नाही. सगळ्यांना खड्ड्याच्या कडेला ओळीनं उभं केलं. मग मी खाली वाकले आणि म्हटलं, "बाई, लेकरं समोर हायत. म्हना आता."

आम्ही सगळे थांबलो. पाळकसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि खोदणाऱ्यांनी खोरी उचलली.